अठ्ठेचाळीस नंबरचा जिल्हा

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे तेव्हाही कळत नव्हतं, आता काय कळणार. ही वही कुणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. तोंडाने बोलायचं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

कुवेतला रुमैथियात मी एका डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला होते. बाई पुण्याच्या, साहेबही डॉक्टर, दोन मुलं. घर वरच्या मजल्यावर होतं आणि त्याच्याही वर गच्चीत एक खोली होती. ती बाईंनी एका माणसाला भाड्याने दिली होती. खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण. मी या माणसाबद्दल लिहिणार आहे. नाव लिहीत नाही. घरात सगळे त्याला कलेक्टर म्हणायचे, मी भाऊ म्हणायचे.

भाऊ आमच्याच बाजूचे, देवगडकडचे. वय पन्नासच्या आसपास, अंगाने काटकुळे. शुवैखला एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचे काम करत. घरी बायको, मुलगा, भाऊबंदकी, सगळं होतं. पण त्यांचा जीव होता फ्रान्समधल्या एका जिल्ह्यात. लोझेर त्याचं नाव. फ्रान्समध्ये जिल्ह्यांना अक्षरांच्या क्रमाने नंबर देतात, त्यात लोझेरचा नंबर अठ्ठेचाळीस. भाऊंनी तो जिल्हा कधी पाहिला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात जेवायला बसले आणि मला विचारलं, "बाय, तुझो जिल्हो खंयचो?"

मी खाली बघून म्हटलं, "सिंधुदुर्ग."

"जिल्ह्याचा ठिकाण?"

"ओरस."

"तू शाळेत होतंस तेव्हा?"

"तेव्हा रत्नागिरी एकच होतो."

"शाबास! एका कागदार सही झाली आणि तुझो जिल्हो बदललो. तू थंयच, घर थंयच. ह्येका म्हणतत प्रशासन."

आयुष्यात शाबास म्हणून घ्यायची मला सवय नव्हती. मी त्यांच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

आमच्या वेळेला तिसरीच्या भूगोलात आपला जिल्हा होता आणि चौथीत महाराष्ट्र. देश त्याच्या पुढे यायचा. तोवर माझी शाळा सुटली आणि मी काजूच्या कामाला लागले. म्हणजे भारताचा नकाशा मी धड शिकलेच नाही आणि तिशी उलटल्यावर परक्या देशातला एक जिल्हा पाठ केला. अजून पाठ आहे. मुख्य ठिकाण माँद. दुसरं ठिकाण फ्लोराक, तिथे उपकलेक्टर. पंचवीस काँतों, एकेका काँतोंचा एक मेंबर, आपल्या झेडपीसारखा. आणि गावं एकशे पंच्याऐंशी, प्रत्येक गावाला स्वतःचा सरपंच. एखाद्या गावात माणसं जेमतेम चाळीस, तरी सरपंच.

"चाळीस माणसांका सरपंच?" मी विचारलं होतं. "इतकी तर आमच्या वाडीत आसत."

"मगे? तुझ्या वाडीक कोण विचारता? थंय विचारतत."

भाऊंचा सगळा रागलोभ या एका वाक्यात होता असं मला वाटतं. थंय विचारतत.

हे वेड त्यांना लागलं कसं, तेही सांगते. इराकने कुवेत घेतलं त्याच्या आधी ते एका फ्रेंच साहेबाच्या हाताखाली नकाशे उतरवून काढायचे. साहेब लोझेरचा. ऑफिसच्या भिंतीवर त्याने आपल्या जिल्ह्याचा मोठा नकाशा लावला होता, शेजारी गाडीचा फोटो, गाडीच्या नंबराच्या शेवटी अठ्ठेचाळीस. साहेब त्यांना फ्रेंच शिकवायचा आणि म्हणायचा, तुला एकदा घरी नेतो. लढाईच्या गडबडीत साहेब निघून गेला तो गेलाच. भाऊ बाकीच्या हिंदी लोकांबरोबर बसमधून इराक, जॉर्डन करत मुंबईला पोचले. एकाला एकच नग घ्यायची परवानगी होती. त्यांनी बॅग टाकली आणि भिंतीवरचा नकाशा गुंडाळून आणला. बॅगेत बायकोसाठी जमवलेलं सोनं नव्हतं, पण साड्या होत्या, मुलाची खेळणी होती.

"घरी काय म्हणाले?" मी विचारलं.

"बायल म्हणाली, ह्या कागदाक आता नेसू की भाजून खाव?" असं सांगून ते खूप हसले. मला हसू आलं नाही. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण तिची आठवण मला त्यांच्याहून जास्त येते.

जेवताना ते भाताचा डोंगर करत. त्याच्यात बोटाने चर पाडून आमटी सोडत आणि सांगत, ही तार्न नदी, ही लोत. एका बाजूला भात चेपून सपाट करत. "हो कॉस. चुन्याच्या दगडाचा पठार, वर पाणी टिकणा नाय. म्हणजे आपलो सडो." बाईंची मुलं टेबलाशी बसून खिदळायची.

"अंकल, बट यू हॅव नेव्हर बीन देअर!" धाकटी म्हणायची.

"तू पुण्याक कितीदा गेलंस?"

"टू टाइम्स."

"आणि फॉर्मार काय लिवतंस? नेटिव्ह प्लेस पुणा. झाला तर!"

आणखी एक गोष्ट ते वरचेवर सांगत. त्या जिल्ह्यात बाहेरून पाण्याचा एक थेंब येत नाही. सगळ्या नद्या तिथेच उगवतात आणि बाहेर जातात. "देणारो जिल्हो," ते म्हणत. पुढे मला वाटायला लागलं, देणाऱ्याचं कौतुक नेहमी घेणाराच करतो.

उन्हाळ्यात पारा अठ्ठेचाळीसवर गेला की त्यांना आनंद व्हायचा. सगळं कुवेत भाजून निघायचं आणि हा माणूस गच्चीवरच्या तापलेल्या खोलीतून उतरून म्हणायचा, "आज आपल्या नंबराक पोचलो!" बाई वैतागायच्या. "अहो कलेक्टर, एसीचं बिल बघा आधी." बाईंच्या घराचीही त्यांनी वाटणी केली होती. हॉल म्हणजे माँद, तिथे बाई प्रीफे, म्हणजे कलेक्टर. स्वयंपाकघर म्हणजे फ्लोराक. तिथली उपकलेक्टर मी. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून विचारायचे, "उपकलेक्टरीणबाई, आज सार की आमटी?"

चेष्टाच होती. पण मी खोटं लिहिणार नाही, मला ते आवडायचं. नवरा गेल्यापासून मला कुणी कसली बाईसाहेब म्हटलं नव्हतं. सासरी ‘ती’, माहेरी ‘ही’, कुवेतला ‘आया’. इथे निदान फ्लोराक माझं होतं.

लोझेरमधल्या एका बारक्या गावाच्या सरपंचाला ते पत्रं लिहीत. गावाचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. तिथली कचेरी आठवड्यातून दोनदाच अर्धा अर्धा दिवस उघडी असते. भाऊ विचारत, पुलाचा कठडा दुरुस्त झाला का, यंदा बर्फ किती पडलं, शाळा बंद होणार असं ऐकतो ते खरं का. तिथली कारकून बाई उत्तर द्यायची. दोन-चार ओळी, खाली गोल शिक्का. ते पत्र आलं की भाऊ मला शिक्का दाखवायला खाली यायचे. त्यांच्या बायकोची पत्रं आमच्या पत्त्यावर यायची, तीही मीच जिन्यावरून वर नेऊन द्यायचे. ती कधी खाली दाखवायला आली नाहीत.

खोलीत चार लाकडी खण होते. तीन खण लोझेरच्या कागदांचे. एकात नद्या आणि डोंगर, एकात कलेक्टरकचेरी, एकात गावं. चौथ्या खणावर त्यांनी ‘परके’ असं लिहिलं होतं. त्यात बाकीचं सगळं जायचं. लाइटची बिलं, वर्कशॉपचे कागद, कुवेतच्या बँकेची पत्रं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

माझी शैला बारावीला होती. माझ्या भावाकडे राहून शिकली. तिला नर्सिंगला जायचं होतं. कोल्हापूरच्या एका कॉलेजात नंबर लागण्यासारखा होता, पण सुरुवातीलाच पन्नासेक हजार भरायचे होते. मी त्यासाठी पाच वर्षं पैसे साठवत होते. पगार पंचेचाळीस दिनार, त्यातले घरी पाठवून उरेल ते बिस्किटांच्या डब्यात. मे महिन्यात चारशे दिनार पुरे झाले. मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त भाऊंना सांगितलं होतं, कारण रोज स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी बोलणारा तोच एक माणूस होता.

त्याच महिन्यात भाऊंना त्या कारकून बाईचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये गावाची जत्रा आहे, आपण इतकी वर्षं लिहिता, येऊ शकलात तर सरपंचांना आनंद होईल. खाली शिक्का. भाऊ तीन दिवस जमिनीवर नव्हते. मग व्हिसाचे कागद आणले आणि चेहरा उतरला. बँकेत दीड हजार दिनार शिल्लक दाखवायची होती. त्यांच्याकडे अकराशे होते.

ते दुपारी आले. मी चपात्या लाटत होते.

"बाय, एक इचारू? तुझे ते चारशे माका तीन आठवडे दी."

मी लाटणं थांबवलं.

"खर्चूक नको. फक्त दाखवक व्हये. खात्यात ठेवतलंय, कागद काढून घेतलंय, तुका परत. मी हात लावचंय नाय."

"शैलाची फी आसा, भाऊ. जूनच्या शेवटाक."

"जूनच्या मधीच तुझ्या हातात. माझ्यार विश्वास नाय? उपकलेक्टरान कलेक्टरकचेरीक इतक्यापण करुचा नाय?"

आपल्या लोकांत असे दाखवायचे पैसे सगळेच एकमेकांना देतात. कुणी व्हिसाला, कुणी बायको-मुलांना आणायला. चार दिवस याच्या खात्यात, चार दिवस त्याच्या. त्यात वावगं काही नव्हतं. पण नको म्हणावं असं माझ्या मनात आलं होतं, हे मला पक्कं आठवतं. नको हा शब्द तोंडात आला आणि परत गेला. मी हात धुतले आणि डबा आणून दिला. त्यांनी माझ्यासमोर मोजले आणि पावती लिहून दिली.

जूनचा मध्य गेला. मी काही बोलले नाही, माणूस स्वतःच देईल म्हणून. शुक्रवारी शैलाचा फोन आला. ती गावच्या बूथवरून बोलत होती, मागे लोकांचा गलका.

"आई, यादीत नाव लागला! सोमवारपर्यंत पैसे भरूचे आसत. मामा म्हणता, तू पाठवलंस काय?"

"पाठवतंय," मी म्हटलं.

"सोमवार म्हणजे सोमवार हां आई. मंगळवारी दुसऱ्याक देतत."

त्या दिवशी भाऊ जेवायला उतरले नाहीत. शनिवारीही नाहीत. शनिवारी दुपारी ताट झाकून मी गच्चीवर गेले. ते जमिनीवर बसले होते. पुढ्यात अरबीतली तीन पत्रं. ‘परके’ खण रिकामा होऊन शेजारी पडला होता.

"भाऊ, माझे पैशे."

ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ओळखीच्या एका रत्नागिरीकर प्लंबरने बँकेचं कर्ज काढलं होतं, त्याला हे जामीन राहिले होते. तो सुट्टीवर गेला आणि परत आला नाही. बँकेने तीनदा कळवलं होतं, की तुमच्या खात्यात रक्कम आली की वळती करून घेऊ. यांनी पाकिटं फोडलीसुद्धा नव्हती. खात्यात पगार येई तो ते त्याच दिवशी काढून घेत. अकराशे त्यांनी खोलीत साठवले होते. तेही माझ्या चारशेबरोबर पहिल्यांदाच बँकेत भरले. सहाव्या दिवशी बँकेने दीडच्या दीड हजार कापले, आणि यांना ते कागद काढायला गेले तेव्हा कळलं.

"वाचूचा तरी होता," मी म्हटलं. एवढंच.

"अरबीत होता."

"कोणाकडून वाचून घेवचा होता."

त्यांनी तिन्ही पत्रं एकावर एक ठेवली. मग म्हणाले, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, म्हणाले, "थंय असा झाला नसता. थंय आधी माणूस धाडून इचारतत."

मी ताट तिथेच ठेवून खाली आले. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण मी खाली आले आणि मटार सोलत बसले.

रविवारी सकाळी बाई दवाखान्यात जायच्या आधी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी चहा घेऊन उभी राहिले. आगाऊ पगार मागायचा, असं रात्रभर घोकलं होतं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. बाई आरशासमोर केस बांधत होत्या.

"काय गं? काही हवंय का?"

"नाही बाई. चहा."

"ठेव तिथे. आणि संध्याकाळी पावभाजी कर, मुलं मागे लागलीयेत."

मी कप ठेवला आणि बाहेर आले. दाराबाहेर पुन्हा थोडी उभी राहिले. मग बाई गेल्या. मग सोमवार आला आणि गेला.

आठ-दहा दिवसांनी धाकटीने माझे डोळे सुजलेले पाहून आईला सांगितलं, तेव्हा बाईंनी मला समोर बसवून सगळं काढून घेतलं. ऐकून कपाळाला हात लावला. "अगं वेडे, माझा सख्खा भाऊ कोल्हापुरात आहे. मी एक फोन केला असता तर त्याने सोमवारी सकाळी जाऊन पैसे भरले असते. मला सांगायचंस ना!"

हे ऐकल्यावर भाऊंवरचा माझा राग निम्मा झाला असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. त्यांच्यावरचा होता तेवढाच राहिला आणि तेवढाच माझ्यावर नव्याने आला.

बाईंनी भाऊंना खोली सोडायला सांगितली. जाताना नकाशा गुंडाळून खाकेत मारला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. आता मला काय हाक मारायची हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी हाक न मारताच म्हणाले, "महिन्याक धा दिनार देतलंय. पगार झालो की."

मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी दिले. जिलीबला आठ जणांच्या खोलीत राहायला गेले होते. तिथून दोन बस बदलून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी यायचे. दारातच उभे राहून पाकीट द्यायचे आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेली पावती पुढे करायचे. किती दिले, किती राहिले, तारीख, सही. दोन प्रती. एक माझी, एक त्यांची. फ्रान्समध्ये जिल्ह्याच्या खजिन्यात अशीच पद्धत असते, असं पहिल्या वेळी म्हणाले. मी ऐकून घेतलं नाही, आत निघून आले.

एक महिना चुकला नाही. रमजानात चुकला नाही, त्यांना कावीळ झाली तेव्हाही पिवळ्या डोळ्यांनी आले. पहिल्या वर्षी बाईंनी एकदा सांगितलं, "माणूस प्रामाणिक आहे हो." मी हो म्हटलं. प्रामाणिक होतेच. पण प्रामाणिकपणा दर महिन्याला दहा दहा दिनाराने येत होता आणि शैलाचं वय त्याच्यासाठी थांबलं नव्हतं.

पहिल्या वर्षी ती माझ्या भावजयीबरोबर काजूच्या कारखान्यात जायला लागली. मी ज्या कामातून सुटले म्हणून देवाला नारळ दिला होता, त्याच कामात. मी फोनवर म्हटलं, पुढच्या वर्षी परत फॉर्म भर. ती म्हणाली, "बघूया गे." दुसऱ्या वर्षी भावाने स्थळ आणलं. मुलगा ट्रक चालवणारा, बरा. लग्नाला मला सुट्टी मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. फोटो आला, त्यात शैलाची बोटं काजूच्या चिकाने काळी झालेली दिसत होती. ती बोटं इंजेक्शन द्यायला शिकणार होती.

भाऊंना हे मी काहीच सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. एकदाच, पाकीट देताना, म्हणाले, "त्या गावची शाळा बंद झाली. कारकून बाईचा पत्र इला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सातआठ पोरांची शाळा. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, याला आता विचारावं, माझ्या पोरीची शाळा कुणी बंद केली? पण पावतीवर सही केली आणि दार लावलं.

चाळीस महिने असे गेले.

शेवटच्या शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाई घरी होत्या, त्यांनी आत बोलावलं, पण ते आत आले नाहीत. पाकिटात दहाची नवी कोरी नोट होती. पावतीच्या ऐवजी या वेळी मोठा कागद होता. चाळीस महिन्यांच्या चाळीस ओळी, खाली बेरीज. त्याखाली दोन ओळींची जागा कोरी ठेवली होती.

"आता तू लिव," ते म्हणाले. "तुझ्या हातान."

"काय लिवू?"

"पयल्या ओळीत, चारशे दिनार पुरे पावले. दुसऱ्यात, आता काय एक बाकी नाय. आणि सही."

मी कागद दाराच्या चौकटीवर टेकवला आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वाकडं आलं. चारशे दिनार पुरे पावले. मग सही केली आणि पेन त्यांच्या हातात परत दिलं.

त्यांनी वाचलं. मधली कोरी ओळ त्यांना दिसली. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले, मी पेन परत मागेन म्हणून.

"बाय," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. या वेळी न बोलणं लाजेमुळे नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि जिना उतरून गेले. मी आत येऊन ती नोट बिस्किटांच्या डब्यात आधीच्या नोटांवर ठेवली आणि सगळ्या मोजल्या. चाळीस होत्या. पैसे पुरे झाले होते.